घाटातला सिग्नल नेमका बिघडतो कुठे?

बोरघाटात किंवा कसारा घाटात गाडी अडली की मोबाइलवर बातमी येते, 'सिग्नल यंत्रणेत बिघाड'. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खांबावरचा दिवा येतो. दिवा बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तो लाल दाखवतोय म्हणजे त्याचं काम चोख चाललंय. बिघाड असतो खाली: खडीत साचलेल्या चिखलात, दोन रुळांच्या सांध्यातल्या फायबरच्या पातळ तुकड्यात, पॉइंटच्या (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेच्या) हलत्या पात्याला अडलेल्या दगडात. घाटात सिग्नल सांभाळणं म्हणजे पंचाहत्तर टक्के रूळ सांभाळणं, असं मी तरी मानतो. टक्केवारी मोजलेली नाही, पण या कामातला कुणी फार भांडणार नाही.

आधी जागा कशी आहे ते पाहू. कर्जत ते लोणावळा जेमतेम २८ किलोमीटर, पण पळसदरी सोडल्यावर चढ १ : ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून हा चढ इथल्या प्रत्येक नियमाच्या मुळाशी आहे. कसारा-इगतपुरीचा चढही तेवढाच. दोन्ही ठिकाणी तीन मार्ग, मधल्या मार्गावर दोन्ही दिशांनी गाड्या. 'अप' म्हणजे मुंबईकडे, त्यामुळे इथली अप गाडी घाट उतरते. नवीन माणसाने हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं करावं. जांब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशा सिग्नल केबिनींपाशी जायला धड रस्ता नाही. जाणाऱ्या गाडीने जायचं, नाहीतर पायी. वर पावसाळ्यात लोणावळ्याच्या अंगाला वर्षाचा चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत.

आता ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे की नाही हे सांगणारी विजेची जोडणी. तत्त्व शाळेतल्या प्रयोगाइतकं सोपं. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड सांध्याने वेगळा करायचा, एका टोकाला फीड (विजेचा पुरवठा) द्यायचा, दुसऱ्या टोकाला रिले (करंट मिळाला की उचलणारा विजेचा स्विच) लावायचा. तुकडा मोकळा असेल तर करंट रुळांतून रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, मागचा सिग्नल लाल. वायर तुटली, बॅटरी गेली, रूळ तुटला तरी रिले पडतो आणि लालच येतो. बिघाड व्हायचाच तर सुरक्षित बाजूला व्हावा, ही सगळ्या रचनेची मेख.

पण रुळांवरचा दाब जेमतेम एक-दोन व्होल्टचा. तेवढ्यावर अर्धा किलोमीटर लोखंड उघड्या खडीवर पडलेलं. खडी कोरडी आणि स्वच्छ असेल तर एका रुळातून दुसऱ्यात गळती नगण्य. खडीत माती, मालगाडीतून सांडलेला माल, ब्रेकचा लोखंडी चुरा बसला आणि वर पाऊस पडला की सगळा पट्टाच हळूहळू करंट पिऊ लागतो. या गळतीला खडीचा जो विरोध असतो त्याला बॅलास्ट रेझिस्टन्स म्हणतात. स्टेशन यार्डात तो किलोमीटरला किमान २ ओहम आणि ब्लॉक सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांच्या मधल्या भागात) ४ ओहम असावा अशी अपेक्षा. हा आकडा लांबीच्या उलट चालतो: २ ओहमच्या हिशेबाने ५०० मीटरच्या ट्रॅकला ४ ओहम मिळतात, एक किलोमीटरला २. म्हणून वाईट जागी ट्रॅकची लांबी कमी ठेवणं हाच खरा इलाज, आणि तो मेंटेनरच्या हातात नसतो. त्याच्या हातात काय असतं? खडी रुळाच्या तळापासून ५० मिलीमीटर खाली आहे ना, हे पाहणं. काँक्रीट स्लीपरवर रुळाखालचं रबर पॅड आणि कडेचे नायलॉनचे लायनर जागेवर आहेत ना, हे पाहणं. लायनर निसटला की क्लिपमधून रूळ थेट स्लीपरच्या लोखंडी इन्सर्टला टेकतो. एकाने काही होत नाही. ओळीने दहा-वीस गेले आणि वर आठवडाभर पाऊस लागला की होतं. लायनर बसवणं हे इंजिनिअरिंगच्या लोकांचं काम, पण कुठल्या किलोमीटरला किती गेलेत याची यादी सिग्नलवाल्यानेच करून त्यांच्या हातात द्यावी लागते. 'लायनर नाहीत' एवढं म्हटलं तर कुणी हलत नाही; स्लीपरचे नंबर दिले की काम होतं.

बोगदा हे तर वेगळंच प्रकरण. तिथली खडी जानेवारीतसुद्धा पूर्ण वाळत नाही, छतातून ठिबकत राहतं, रुळाचा तळ आणि क्लिपा गंजतात. बाहेर सगळं कोरडं असताना ट्रॅक पडत असेल (म्हणजे गाडी नसताना त्याचा रिले पडत असेल) तर आधी बोगद्यातली गटारं पाहावीत.

इथेच या कामातला सगळ्यात मोठा मोह येतो. जुलैत ट्रॅक वारंवार पडतोय, कंट्रोलचा फोन सतत वाजतोय, आणि फीडच्या टोकाला हाताशी एक बदलता रेझिस्टन्स आहे. तो थोडा कमी केला की रुळांवर जास्त व्होल्टेज जातं, रिले उचलतो, गाड्या सुटतात. करायला हरकत नाही, फीड जुळवण्यासाठीच तो दिलाय. फक्त तीन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक, वाढवण्याआधी गळतीचं कारण शोधायचं. सांधा गेलेला असताना फीड वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. दोन, वाढवल्यावर लगेच ट्रेन शंट रेझिस्टन्सची चाचणी. ०.५ ओहमचा शंट (गाडीच्या चाकांसारखे दोन्ही रूळ जोडणारा रेझिस्टन्स) रिलेच्या टोकाला दोन्ही रुळांवर ठेवायचा. रिले पडलाच पाहिजे, आणि शंट असताना रिलेवर उरलेलं व्होल्टेज त्याच्या ड्रॉप-अवे व्होल्टेजच्या (ज्याला रिले पडतो त्या) ८५ टक्क्यांच्या वर राहता कामा नये. मग तीच चाचणी फीडच्या टोकाला आणि मध्ये पॉइंट असेल तर त्याच्या फाट्यावर. तीन, नवा आकडा लोकेशन बॉक्समधल्या (रुळाकडेच्या उपकरणपेटीतल्या) कार्डावर तारखेसह लिहायचा. कारण पाऊस थांबला, खडी वाळली की तोच फीड रिलेवर दुप्पट होऊन येतो. जादा ताकदीने उचललेला रिले गाडीच्या चाकांनी सहज पडत नाही. जुलैत सोय म्हणून वाढवलेला फीड नोव्हेंबरात धोका होतो तो असा. उलट टोकाचा नियमही आहे: सगळ्यात ओल्या दिवशी रिलेवर पिक-अप व्होल्टेजच्या (ज्याला रिले उचलतो त्या) साधारण १२५ टक्के तरी मिळालं पाहिजे. या दोन कडांमधल्या पट्टीत ट्रॅक बसवणं हेच ते जुळवणं. घाटात ही पट्टी फार अरुंद असते.

धोक्याच्या बाजूचा दुसरा बिघाड कोरड्या दिवसांत येतो आणि तो कमी बोलला जातो. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं. मागून ढकलायला लावलेली जादा इंजिनं, म्हणजे बँकरही सोडतात. वाळू चिरडून तिचा पातळ थर रुळाच्या माथ्यावर बसतो. ज्या मार्गावर गाड्या कमी, तिथे त्याच्या जोडीला गंज. चाक आणि रूळ यांच्यात हा थर आला की शंट नीट होत नाही. गाडी उभी असूनही रिले थरथरतो किंवा उचलूनच राहतो. डबे नसलेल्या एकट्या इंजिनाच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण आस मोजक्याच. केबिनमधल्या पॅनलवर मोकळा दिसणारा ट्रॅक प्रत्यक्षात भरलेला असणं, यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून डेटा लॉगरमध्ये (सगळ्या हालचाली वेळेसह नोंदवणाऱ्या यंत्रात) गाडी जाताना एखादा ट्रॅक क्षणभर उचलून परत पडलेला दिसला तर 'आपोआप ठीक झालं' म्हणून सोडायचं नाही. रुळाचा माथा बोटाने पुसून पाहायचा. तो चकचकीत नसेल, बोटावर भुरकट पीठ आलं, तर कारण हातात आलं.

बिघाड शोधायची पद्धत बहुतेकांची सारखीच असते, पण घाटात चालत जायचं असल्याने क्रम महत्त्वाचा. केबिनमधून निघण्याआधी पॅनलवर पाहायचं: एकच ट्रॅक पडलाय की शेजारचेही? बरेच एकदम पडले असतील तर पॉवर किंवा केबल. एकच असेल तर फीडच्या टोकाला जाऊन करंट मोजायचा. नेहमीपेक्षा बराच जास्त असेल तर रुळांमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे: सांधा, लायनर, आडवी पडलेली लोखंडी पट्टी, पाण्याखाली गेलेली खडी. नेहमीपेक्षा कमी असेल तर वाट तुटली आहे: जंपर, बाँड वायर (दोन्ही रुळांना जोडणाऱ्या तारा), आणि तिसरी शक्यता रूळ. हिवाळ्यातल्या पहाटे करंट कमी दाखवत असेल तर तिसऱ्या शक्यतेलाच पहिला मान द्यावा, कारण थंडीत रूळ आकसतो आणि ताणाने तुटतो. अशा वेळी जंपर चाचपत बसण्याआधी स्टेशन मास्तरला कळवायचं आणि पीडब्ल्यूआयचा (रूळ सांभाळणाऱ्या निरीक्षकाचा) माणूस मागवायचा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. २५ केव्ही विद्युतीकरण असलेल्या भागात ट्रॅक सर्किट बहुधा एकाच रुळाचं असतं; दुसरा रूळ ट्रॅक्शनचा (इंजिन चालवणाऱ्या विजेचा) परतीचा करंट वाहतो आणि बाँडने शेजारच्या रुळांना जोडलेला असतो. तो तुटला तर करंटला दुसरी वाट मिळते आणि ट्रॅक पडेलच असं नाही. 'ट्रॅक उचललेला आहे म्हणजे रूळ धड आहे' हा समज म्हणून अर्धाच खरा.

याच परतीच्या रुळाबद्दल एक सूचना, जी कितीही वेळा सांगितली तरी कमीच. ट्रॅक्शन बाँड सैल दिसला म्हणून हाताने सोडवायचा नाही. आधी दोन्ही बाजू जाड तात्पुरत्या जोडणीने जोडायच्या, मगच हात लावायचा. तुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये जीव जाईल एवढं व्होल्टेज असू शकतं.

शॉर्ट असेल तेव्हा पहिला संशय ग्लूड जॉइंटवर, म्हणजे इन्सुलेटेड सांध्यावर. हा सांधा कारखान्यात इपॉक्सीने चिकटवून येतो. दोन रुळांच्या टोकांमध्ये एंड पोस्ट नावाचा फायबरचा तुकडा असतो, रुळाच्याच आकाराचा. घाटात त्याचा शत्रू दुहेरी. एकीकडे चाकांच्या दाबाने माथ्यावरचं पोलाद पसरतं आणि फायबरवर ओठासारखं पुढे येतं. हळूहळू दोन ओठांतली फट कागदाएवढी राहते. दुसरीकडे उतारावर अख्खी गाडी ब्रेक धरून उतरते, ब्रेक ब्लॉकचा चुरा त्याच फटीत जाऊन बसतो आणि पावसात लगदा होतो. त्या दिवसापासून सांधा कधी जोडलेला, कधी तुटलेला. सकाळी ऊन आलं की ठीक, संध्याकाळी दव पडलं की फेल. उपाय रोकडा आहे: कानस घेऊन ओठ घासून काढायचे, फट हॅकसॉच्या पात्याने मोकळी करायची, चुरा ब्रशने झाडायचा. सांध्यापाशी दोन्ही बाजूंचे तीन-चार स्लीपर नीट पॅक झालेले हवेत, नाहीतर प्रत्येक चाकाला सांधा खाली दबतो आणि ओठ दुप्पट वेगाने येतात. सांधा सुटा करून मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) १०० व्होल्टवर मोजला तर कोरड्यात २५ मेगाओम आणि ओल्यात ३ किलोओमच्या खाली जाऊ नये.

सांधा गेला आणि शेजारच्या ट्रॅकचा फीड इकडच्या रिलेला मिळाला तर? ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच शेजारशेजारच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटसुलट ठेवतात. सांधा फुटला की दोन्ही फीड एकमेकांना खोडतात, रिले पडतो. फीडचं काम झालं, केबल बदलली, बॅटरी बदलली की पोलॅरिटी पुन्हा तपासायची ती यासाठी. मीटरचे दोन टोक सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावायचे, अर्ध्या मिनिटाचं काम.

चढाचा आणखी एक परिणाम बाहेरच्या माणसाला सुचत नाही. उतारावर ब्रेक धरणाऱ्या गाड्या रूळ हळूहळू खालच्या बाजूला ढकलत नेतात. याला क्रीप म्हणतात. साध्या रुळावर इंजिनिअरिंगवाले अँकर लावून सांभाळून घेतात, पण पॉइंटपाशी तो सिग्नलवाल्याच्या गळ्यात येतो. डावं पातं आणि उजवं पातं समोरासमोर राहत नाहीत, दोन्ही पाती जोडणारा स्ट्रेचर बार तिरका होतो, मशिनच्या लॉक स्लाइडची खाच जिथे यायला हवी तिथे येत नाही. पॉइंट फिरतो, पण लॉक होत नाही. मशीन उघडून नट फिरवून डिटेक्शन (पातं जागेवर बसल्याचा पुरावा) 'आणता' येतं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पात्यांची टोकं गुण्याने ताडून पाहावीत. चौकोन बिघडला असेल तर मशीनला हात न लावता पीडब्ल्यूआयसोबत संयुक्त पाहणी मागावी. जॉइंट पॉइंट टेस्टिंगचा अहवाल दोघांच्या सहीने होतो तो नुसता कागद म्हणून नव्हे.

पॉइंटची मुख्य चाचणी ५ मिलीमीटरची. पात्याच्या टोकापासून १५० मिलीमीटरवर, पातं आणि स्टॉक रेल (पातं ज्याला टेकतं तो स्थिर रूळ) यांच्यामध्ये ५ मिलीमीटर जाडीची पट्टी धरायची आणि पॉइंट चालवायचा. लॉक होता कामा नये, डिटेक्शन येता कामा नये, आणि फ्रिक्शन क्लच (अडथळा आला की मोटरला मोकळं फिरू देणारा भाग) घसरला पाहिजे. क्लच घसरताना अँमीटर पाहायचा: नेहमीच्या चालण्याच्या करंटच्या दीडपट ते दुप्पट. दीडपटीच्या खाली असेल तर क्लच सैल आहे, जरा चिखल बसला की पॉइंट अर्ध्यात थांबेल. दुपटीच्या वर असेल तर क्लच आवळलेला आहे, दगड अडकला तर मोटर तो चिरडायला बघेल आणि स्वतः जळेल. दोन्ही बाजूंना, नॉर्मल आणि रिव्हर्स, वेगवेगळं मोजायचं.

पावसाळ्यात स्लाइड चेअरवर (पातं जिच्यावर सरकतं त्या बैठकीवर) भरपूर तेल ओतायची सवय वाईट. तेलात वाळू आणि खडीची भुकटी बसते, तिची घासपेस्ट होते आणि पातं जड होतं. आधी खरवडून पुसायचं, मग ग्रॅफाइटचा पातळ हात. मशिनच्या झाकणाचं रबर आणि तळाचं पाणी निघायचं भोक, ही दोन ठिकाणं पाहिल्याशिवाय झाकण लावायचं नाही. भोक बुजलं की मशिनच्या पोटात बोटभर पाणी साठतं आणि मग अर्थ लीकेजच्या मागे दोन दिवस जातात.

घाटातल्या पॉइंटांपैकी सगळ्यात जपायचे ते कॅच साइडिंगचे. स्टेशनकडे येणारा उतार १ : ८० पेक्षा तीव्र असेल तर सुटून आलेली गाडी अडवायला कॅच साइडिंग लागतं, स्टेशनातून पुढे १ : १०० पेक्षा तीव्र उतार असेल तर स्टेशनातला डबा पळू नये म्हणून स्लिप साइडिंग. १ : ३७ वर ही चर्चा करायचीच गरज नाही. कॅच साइडिंगचा पॉइंट नेहमी साइडिंगकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी सिग्नलपाशी पूर्ण थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे त्यातून सिद्ध झालं, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो आणि गाडी गेली की परत. म्हणजे प्रत्येक उतरत्या गाडीमागे दोन फेऱ्या. सपाटीवरच्या एखाद्या लूपचा पॉइंट दिवसात पाच-दहा वेळा हलतो. इथल्या मशिनचे ब्रश, कॉन्टॅक्ट, क्लच यांचं वय वेगळ्या हिशेबाने धरावं लागतं. तारखेवर न जाता मशिनच्या फेऱ्यांच्या काउंटरवर जावं. आणि खुद्द साइडिंगच्या रुळावर वाळू आणि गंज दोन्ही असल्याने तिथे ट्रॅक सर्किटवर भरवसा कमी. तिथे ॲक्सल काउंटर बरा.

ॲक्सल काउंटर घाटासाठी वरदान आहे असं म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. आत येताना आस मोजायचे, बाहेर जाताना मोजायचे, वजाबाकी शून्य आली की मार्ग मोकळा. खडी ओली असो की कोरडी, त्याला फरक पडत नाही. ट्रान्समीटरची कॉइल रुळाच्या बाहेरच्या अंगाला, रिसीव्हरची आतल्या अंगाला. चाक मधून गेलं की सिग्नल बदलतो. दोन जोड्या असतात, त्यावरून दिशाही कळते. बिघडतो तो प्रामुख्याने चार कारणांनी: गाडीखाली लोंबणारा भाग कॉइलला आपटतो, बोल्ट थरथरून ढिले होतात, वीज क्षणभर जाते, किंवा पडलेली वीज केबलमधून आत शिरते. पहिल्यासाठी कॉइलच्या दोन्ही बाजूंना डिफ्लेक्टर असतात. वाकलेला डिफ्लेक्टर दिसला तर कॉइलवरही ओरखडा शोधायचा. बोल्ट टॉर्क रेंचने, अंदाजाने नाही. अर्थिंगचा रेझिस्टन्स १ ओहमच्या आत हवा. घाटातल्या काळ्या कातळात १ ओहम आणणं हे दिव्य आहे. एका इलेक्ट्रोडने होत नाही, चार-पाच गाडून तांब्याच्या पट्टीने रिंग करावी लागते.

पण ॲक्सल काउंटर बिघडला की रीसेट करावा लागतो, आणि रीसेट म्हणजे 'आत काही नाही' असं माणसाने यंत्राला सांगणं. म्हणून रीसेटचा अधिकार स्टेशन मास्तरकडे असतो, आधी मार्ग मोकळा असल्याची खात्री करतात आणि रीसेटनंतरची पहिली गाडी सावधगिरीने जाते. मेंटेनरने इथे घाई करू नये आणि कुणाच्या घाईला बळीही पडू नये. शिवाय तुटलेला रूळ ॲक्सल काउंटरला दिसत नाही. ट्रॅक सर्किटं काढून सगळीकडे काउंटर लावण्याचा उत्साह पाहिला की हे सांगावंसं वाटतं.

केबलबद्दल थोडक्यात. सपाटीवर ती ०.८ मीटर खोल पुरतात. कातळात तेवढं खणता येत नाही, मग ती पाइपातून किंवा काँक्रीटखालून उथळ जाते. दरडीचा दगड पहिला तिच्यावरच पडतो. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ भागात झालं तसं मोठं नुकसान झालं तर नव्याने ओढण्यावाचून पर्याय नसतो. छोट्या जखमेला जॉइंट किट चालतं, पण जॉइंट पाणी साठणाऱ्या खड्ड्यात ठेवायचा नाही आणि दोन्ही बाजूंना वेटोळं राखून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी ओढायला हात मिळतो. मेगरिंग ५०० व्होल्टवर, वर्षातून एकदा. इलेक्ट्रॉनिक कार्डं आधी सोडवून, नाहीतर केबल तपासताना कार्ड जातं. किलोमीटरला ५ मेगाओमच्या खाली आलं की कारण शोधायलाच हवं. ही तपासणी मेच्या कोरड्या दुपारी केली तर सगळ्याच केबल उत्तम निघतात. संशयातल्या केबल ऑगस्टमध्ये पुन्हा मोजाव्यात, तेव्हाचा आकडा खरा.

लोकेशन बॉक्स हे घाटातल्या सगळ्या जीवांचं कोरडं बिऱ्हाड. मुंग्या, पाली, उंदीर, आणि पावसात सापही. दार उघडताना बाजूला उभं राहून काठीने ओढायचं, आत आधी टॉर्च, मग हात. केबल एंट्रीची भोकं कंपाउंडने बुजवलेली असली तर यातले बहुतेक पाहुणे येतच नाहीत. ओल धरलेल्या टर्मिनलवर हिरवी बुरशी आली असेल तर ती नुसती पुसू नये; लग कापून नवी वायर सोलून लावावी, कारण हिरवं आत तारेतही गेलेलं असतं. लाइटनिंग अरेस्टरची खिडकी लाल झालेली असेल तर तो मोड्यूल संपला. तो संपला तरी सगळं चालू राहतं म्हणून दुर्लक्षित राहतो, आणि पुढची वीज थेट कार्डांवर येते.

कोणत्याही इंटरलॉक्ड (सिग्नलशी बांधलेल्या) उपकरणाला हात लावण्याआधी डिस्कनेक्शन, म्हणजे ते लेखी परवानगीने वापरातून काढणं. टी/३५१ चा फॉर्म भरायचा, कोणता गिअर आणि त्यामुळे कोणते सिग्नल निकामी होतील ते लिहायचं, स्टेशन मास्तरची सही आणि वेळ घ्यायची, मगच लिंक उघडायची. केबिन दोन किलोमीटर खाली आणि पाऊस ओतत असताना 'फक्त एक नट आवळायचाय' असं वाटतं. पण पॉइंटचं झाकण उघडं असताना त्याच वेळी वर कुणी रूट लावला तर तो एक नट फार महाग पडतो. रिले रूमला दोन कुलुपं असतात, एकाची किल्ली मास्तरकडे, दुसरी सिग्नलकडे. दार उघडल्याची वेळ डेटा लॉगर नोंदवतो. काम झाल्यावर पॉइंट दोन्हीकडे चालवून जागेवरची स्थिती आणि पॅनलवरची स्थिती एक आहे हे ओरडून, फोनवरून, जसं जमेल तसं जुळवायचं, आणि मग रिकनेक्शन.

चालण्याचंही एक शास्त्र आहे. तीन मार्गांच्या कटिंगमध्ये बाजूला व्हायला जागा कमी. आधीच कुठे उभं राहायचं ते ठरवून पुढे जायचं. बँकर सुटून एकटा खाली येतो तो फार आवाज करत नाही, धबधब्याच्या गोंगाटात तर अजिबातच नाही. मधल्या मार्गावर कुठल्या बाजूने गाडी येईल याचा अंदाज बांधायचा नाही. एक माणूस काम न करता फक्त लुकआउट, शिट्टी आणि लाल झेंडी हातात. हेल्पर एकच असेल आणि तोच पाना धरत असेल तर लुकआउट नाही असं समजून काम थांबवावं. बोगद्यात शिरण्याआधी केबिनला विचारायचं आणि आतले कोनाडे मोजत जायचं.

पावसाळ्याची खरी तयारी एप्रिल-मेमध्ये. हिल गँग डोंगरावरचे सुटे दगड पाडते, त्या दिवसांतच खाली गटारं, लायनर, ग्लूड जॉइंट, झाकणांची रबरं आणि अर्थ पाहून घ्यायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक केबिनमध्ये फ्यूज, जंपर, रिले, पॉइंट मोटर, केबलचे तुकडे आणि जॉइंट किट पोचलेलं हवं, कारण दरड आली की वस्तू आणणारी गाडीही येत नाही. धुक्यात सिग्नल दिसावा म्हणून भिंगं आणि हूडची आतली बाजू पुसायची; शेवाळाचा हिरवा थर आणि ब्रेकचा तपकिरी थर लांबून दिसत नाही, पण प्रकाश खातो. आणि ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर दोन आठवड्यांत, कार्डावरच्या जुलैच्या नोंदी समोर ठेवून वाढवलेला प्रत्येक फीड खाली आणायचा, ०.५ ओहमचा शंट टाकून रिले पडतोय हे पाहायचं, आणि नवी तारीख लिहायची. वर्षातलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, गाडी अडलेली नसते, फोन येत नसतो, म्हणून तेच राहून जातं.